क्लिंटनव्हिलमधलं कटिंगचं दुकान, आणि 'पुढचा ओसी कोण?'

अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसला नवीन आलेल्या आपल्या माणसाला पहिल्या महिन्यात दोन पत्ते लागतात. एक किराण्याचा, दुसरा कटिंगचा. किराण्याचा कुणीही सांगतं. कटिंगचा विचारला की मी डोळे झाकून क्लिंटनव्हिलमधल्या एकाच दुकानाचा देतो. युनिव्हर्सिटीकडून हाय स्ट्रीटनं उत्तरेला निघालं की नॉर्थ ब्रॉडवेचा चौक यायच्या थोडं आधी लाल-पांढरा-निळा फिरणारा खांब दिसतो. पाटीवर नुसतं 'बार्बर शॉप' लिहिलंय. दुकानाला वेगळं नाव कधी दिलेलंच नाही. गाडी नसेल तर हाय स्ट्रीटवरून जाणारी २ नंबरची बस सोयीची पडते.

आत तीन खुर्च्या. खिडकीजवळच्या खुर्चीवर मालक स्वतः, सत्तरीच्या आसपासचे. मधल्या खुर्चीवर त्यांची मुलगी. तिसऱ्या खुर्चीवर एक तरुण पोरगा, पण तो शुक्रवार-शनिवारीच येतो. थांबणाऱ्यांसाठी भिंतीला लागून लाकडी बाक आहे. समोर आरशाशेजारी एक पांढरा फळा. वर्षातले आठ-नऊ महिने त्यावर दर लिहिलेले असतात, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत दर एका कोपऱ्यात सरकतात आणि फळा पुढच्या ओसीसाठीच्या, म्हणजे फुटबॉल टीमच्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरसाठीच्या, नावांनी भरतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलात तर दरपत्रकातल्या प्रत्येक इंग्रजी 'एम'वर लाल पट्टी चिकटवलेली दिसेल. इथल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचा कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या मिशिगनच्या सामन्याचा आठवडा असतो तो, आणि त्या आठवड्यात युनिव्हर्सिटीच्या इमारतींवरच्या 'एम'लाही हेच करतात.

आधी कटिंगबद्दल लिहितो, कारण ते चांगलं नसतं तर बाकीचं सांगण्यात काही अर्थ नव्हता.

आपले केस जाड, सरळ आणि हट्टी. माझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. मॉलमधल्या दुकानांत मशीन फिरवून दहा मिनिटांत मोकळं करतात आणि चार दिवसांत मागचे केस शेंडीसारखे उभे राहतात. हे मालक आधी पाणी मारतच नाहीत. कोरड्या केसांतून कंगवा मागून पुढं फिरवतात, केस कुठं विरोध करतात ते बघतात, मग भोवऱ्यावर बोट टेकवून तो कुठल्या अंगाला वळतो ते हेरतात. तिथले केस बाकीच्यांपेक्षा बोटभर लांब ठेवतात, म्हणजे ते स्वतःच्या वजनानं खाली बसतात. बाजूला मशीन तीन नंबर, वर फक्त कात्री. शेवटी मानेवर आणि कानामागं गरम फेस लावून वस्तरा. वस्तऱ्याचं पातं प्रत्येकाला नवीन, तुमच्या डोळ्यांदेखत पुडीतून काढतात. मग मऊ ब्रशनं पावडर. एवढं झाल्यावर हातात लहान आरसा देऊन खुर्ची फिरवतात आणि तुम्ही मान हलवल्याशिवाय अंगावरचं कापड काढत नाहीत. कसलंही जेल, तेल, शाम्पू गळ्यात मारत नाहीत. केस सहा आठवडे नीट राहतात. माझ्या मुलाच्या केसांनाही हीच गोष्ट लागू आहे, आणि तो इथं रडत नाही, हे ज्यांना लहान मुलं आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

आता ज्या कारणासाठी मी हे एवढं लांब लिहायला बसलो तिकडं वळतो. या दुकानात ओहायो स्टेटच्या अमेरिकन फुटबॉलवर जी चर्चा चालते, तशी मी या शहरात दुसरीकडं ऐकलेली नाही.

इथं राहून फुटबॉल न बघणाऱ्या आपल्या मंडळींसाठी थोडक्यात. ओहायो स्टेडियम १९२२ सालचं, त्यात १,०२,७८० माणसं बसतात, आणि घरच्या सामन्याला ते भरतं. टीमचा मुख्य कोच रायन डे. पण चेंडू आपल्याकडं असताना पुढची खेळी कुठली, पळायचं की फेकायचं, कुणाकडं फेकायचं, याची आखणी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरकडं असते. सगळे त्याला ओसी म्हणतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे, आणि एक खेळी संपल्यावर पुढची सुरू करायला ४० सेकंद. २०२४ पासून कॉलेजच्या फुटबॉलमध्येही मैदानावरच्या एका खेळाडूच्या, आपल्या बाजूनं म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या, हेल्मेटमध्ये कोचचा आवाज पोचवायची परवानगी आहे. घड्याळ १५ सेकंदांवर आलं की तो आवाज बंद होतो. म्हणजे समोरची मांडणी बघून, खेळी ठरवून, ती पोराच्या कानात घालायला २५ सेकंद मिळतात. हे काम करणारा माणूस सोडून गेला की शहर अस्वस्थ होतं, आणि ओहायो स्टेटमध्ये तो अलीकडं वारंवार जातोय.

तेव्हा 'पुढचा ओसी कोण?' ही चर्चा बारमध्ये होते, ऑफिसात होते, शाळेच्या दारात मुलांना न्यायला आलेल्या बापांमध्येही होते. बहुतेक ठिकाणी ती नावं फेकण्यापुरती असते. कुणी टीव्हीवरचं एखादं मोठं नाव घेतो, दुसरा त्याहून मोठं घेतो. कुणी मोबाइलवर खासगी विमानांचे मार्ग बघत बसतो आणि कुठलंसं विमान कोलंबसला उतरलं की छाती ठोकून सांगतो, आला म्हणून. या दुकानात तसं चालत नाही. मालकांचा नियम आहे: नाव फळ्यावर लिहायचं असेल तर तीन प्रश्नांची उत्तरं द्या. खेळी तो सांगणार की डे सांगणार? आहे तिथून तो सुटणार कसा? आणि आपल्याकडं जी पोरं आहेत त्यांच्याकडून तो काय करवून घेणार? उत्तरं नसली तर मार्कर मिळत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर तर मालक सोडतच नाहीत. कोचच्या करारात आधी सोडून गेल्यास भरायची रक्कम लिहिलेली असते, तिला बायआउट म्हणतात. २०२३ मध्ये नोटर डेम युनिव्हर्सिटीचा ओसी टॉमी रीस अलाबामाला गेला, तेव्हा नोटर डेमला यूटाचा अँडी लुडविग हवा होता. त्याचा बायआउट सुमारे २८ लाख डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. ते जुळलं नाही आणि शेवटी आतल्याच जेराड पार्करला बढती मिळाली. दुकानात कुणी जोरात एखादं नाव घेतलं की मालक कात्री वर धरून म्हणतात, "लुडविग आठवतोय ना?" आणि समोरचा पुन्हा विचार करायला लागतो.

२०२४ चा फेब्रुवारी मी या बाकावर बसून बघितला, आणि तेव्हापासून मला हे दुकान सोडवत नाही.

मागची गोष्ट थोडी सांगावी लागेल. केव्हिन विल्सन २०२२ च्या हंगामानंतर टल्साचा मुख्य कोच व्हायला गेला. त्याच्या जागी ब्रायन हार्टलाइनला ओसी केलं, पण खेळी डे स्वतःच सांगत राहिला. २०२३ मध्ये मिशिगनकडून ३०-२४ हार, आणि त्यानंतर हंगामाअखेरच्या कॉटन बोल सामन्यात मिझुरीसमोर १४-३. अख्ख्या सामन्यात तीन गुण! डेवर दडपण होतं की खेळी सांगायचं काम कुणाच्या तरी हातात दे आणि तू टीम सांभाळ. जानेवारी २०२४ मध्ये बिल ओब्रायनचं नाव ठरलं. पेन स्टेट युनिव्हर्सिटीचा आणि एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या ह्यूस्टन टेक्सन्सचा माजी मुख्य कोच, अलाबामात आणि पेट्रियट्सकडं ओसी. सगळं शहर खूश झालं.

दुकानात एक निवृत्त पोस्टमन येतात. त्यांनी त्याच आठवड्यात आक्षेप घेतला होता. त्यांचं म्हणणं, हा माणूस मॅसॅच्युसेट्सचा, बॉस्टनकडची जागा कधी रिकामी झाली तर राहणार नाही. मग बॉस्टन कॉलेजचा मुख्य कोच जेफ हॅफली एनएफएलमधल्या ग्रीन बे पॅकर्सचा डिफेन्स सांभाळायला निघून गेला आणि जागा खरंच रिकामी झाली. पोस्टमनकाकांनी फळ्यावरच्या ओब्रायनच्या नावापुढं एक प्रश्नचिन्ह काढलं. ९ फेब्रुवारीला ओब्रायन बॉस्टन कॉलेजला गेला. येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

चिप केलीचं नाव फळ्यावर लिहिलं एका निवृत्त शाळामास्तरांनी. ते आयुष्यभर हायस्कूलच्या मुलांना ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकपुढं उभी राहणारी पाच जणांची फळी, शिकवत आले. बाकावरच्या निम्म्या लोकांना ते पटलं नाही. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीचा मुख्य कोच असलेला केली आपली खुर्ची सोडून दुसऱ्याच्या हाताखाली कशाला येईल? मास्तरांनी जे उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवत नाही, पण मांडणी पक्की आठवते. केली त्या हिवाळ्यात एनएफएलमध्ये ओसीच्या जागांसाठी बोलणी करतोय, अशा बातम्या येत होत्या. म्हणजे मुख्य कोचपद सोडायची त्याची तयारी आहेच. आता तो कुणाच्या हाताखाली सुखानं राहील? डे आणि केली दोघंही न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरचे. डे न्यू हॅम्पशायर युनिव्हर्सिटीत क्वार्टरबॅक होता तेव्हा केली त्याचा ओसी होता. पुढं डे त्याच्याच हाताखाली फिलाडेल्फियात आणि सॅन फ्रान्सिस्कोत राहिला. डे खेळी सोडून देईल का? ज्यानं आपल्याला खेळ शिकवला त्याच्या हातात सोडेल, दुसऱ्या कुणाच्या नाही. तीन प्रश्न, तीन उत्तरं. मालकांनी मार्कर दिला. आणि ज्या दिवशी ओब्रायन गेला त्याच दिवशी केली आला.

अंदाज बरोबर येण्याचं मला तेवढं कौतुक नाही. दहा नावं फेकली की एखादं लागतंच. मास्तरांनी माणसाचा स्वभाव, जुना लागाबांधा आणि त्या वेळची गरज एकत्र ठेवून बघितली, आणि बाकावरच्या सगळ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, विरोध असणाऱ्यांनीही. असं ऐकून घेणारी जागा मला हवी असते.

त्याच वर्षी मे महिन्यात आबा कोल्हापूरहून आले होते. त्यांना दाढीला इथं घेऊन गेलो. तोंडावर गरम टॉवेल असताना मालकांनी मला विचारलं, वडील फुटबॉल बघतात का? टॉवेलाखालून आवाज आला.

"काय म्हणतोय रं?"

"तुम्ही फुटबॉल बघता का, विचारतायत आबा."

"सांग त्याला, पाटाकडीलची मॅच असली की मी दुकानाचं शटर ओढत होतो. शाहू स्टेडियमवर उन्हात उभा राहून बघितलंय."

मी सांगितलं. आमच्याकडचा फुटबॉल पायानं खेळायचा, पण पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की गावात तेच वातावरण असतं जे इथं मिशिगनच्या आठवड्यात, हेही सांगितलं. मालकांनी वस्तरा बाजूला ठेवला, हात पुसला आणि आबांशी हात मिळवला. मग आबांचं लक्ष फळ्यावर गेलं. पुसायचा राहिलेला, प्रश्नचिन्हवाला ओब्रायन अजून कोपऱ्यात होता.

"ते नाव कुणाचं?"

"तो आला आणि तीन आठवड्यांत गेला, आबा. त्याला त्याच्या मुलखात मुख्य कोच करून नेलं."

"मग जाणारच की. गावाकडं बोलावल्यावर कोण थांबतंय?"

हे मी इंग्रजीत सांगितल्यावर पोस्टमनकाका बाकावरून उठून आबांजवळ आले. भाषा एकमेकांची कळत नव्हती, तरी दोघं बराच वेळ शेजारी बसले. आबा अजूनही फोनवर विचारतात, तुझा तो न्हावी बरा आहे ना, टीम काय म्हणते.

त्या हंगामाचं दुकानातलं चित्रही सांगितलं पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२४ ला मिशिगननं आपल्या घरात येऊन १३-१० हरवलं. सलग चौथ्या वर्षी. मिशिगनच्या बचावफळीच्या मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँटसारखी दोन धिप्पाड माणसं, आणि आपण त्यांच्याच अंगावर पुन्हा पुन्हा चेंडू पळवत राहिलो. जेरेमाया स्मिथसारखा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, बाजूला उभा. पुढच्या मंगळवारी दुकानात केलीच्या नावानं ओरड होती. मालक स्वतः कमालीचे दुखावलेले होते, पण त्यांनी चर्चा पुन्हा ऑफेन्सिव्ह लाइनकडं वळवली. लाइनमधला डावा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्येच ऑरेगनच्या सामन्यात जायबंदी झाला. सेंटर सेथ मॅक्लॉफ्लिन नोव्हेंबरमध्ये गेला. गार्ड डॉनोव्हन जॅक्सनला सरकवून डावा टॅकल केलेलं. अशा लाइननं त्या दोघांवर चाल करायची नव्हती, हे सगळ्यांना मान्य. मग करायचं काय होतं? मास्तरांनी आरशावर साबणाच्या बोटानं रेघा ओढून दाखवलं: चेंडू लवकर सोडा, बाहेरच्या अंगाला सोडा, समोरच्याला आडवं पसरायला लावा.

पुढं प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीत, बघायला मिळालं ते बरंचसं तसंच होतं. टेनेसीला ४२-१७. रोज बोलमध्ये ऑरेगनविरुद्ध दुसऱ्या क्वार्टरमध्येच ३४-०, शेवट ४१-२१. टेक्सासला २८-१४. आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोटर डेमला ३४-२३. शेवटी आघाडी आठ गुणांवर आलेली, तिसरा प्रयत्न, अकरा यार्ड काढायचे बाकी, अशा वेळी बहुतेक कोच चेंडू पळवून घड्याळ खातात. क्वार्टरबॅक विल हॉवर्डनं ५६ यार्डांचा चेंडू स्मिथकडं टाकला. ती खेळी मी घरी बघितली, पण तिच्याबद्दल खरं समाधान मिळालं ते दोन दिवसांनी दुकानात, जिथं प्रत्येकाला त्या फेकीमागं केली दिसत होता आणि केलीवर विश्वास ठेवणारा डेही दिसत होता.

आणि फेब्रुवारी लागताच केली एनएफएलमधल्या लास व्हेगास रेडर्सकडं गेला. फळा पुन्हा भरला.

या खेपेला दुकानात सरळ दोन तट होते. एक हार्टलाइनवाले, एक बाहेरचा हवा म्हणणारे. हार्टलाइन कँटनचा, ओहायोचाच. इथं रिसीव्हर म्हणून खेळला, मायामीत एनएफएल खेळून आला आणि २०१८ पासून रिसीव्हर घडवत होता. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, गॅरेट विल्सन आणि ख्रिस ओलावे २०२२ मध्ये १० आणि ११ क्रमांकावर निवडले गेले, जॅक्सन स्मिथ-एनजिग्बा २०२३ मध्ये २० वर, मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर २०२४ मध्ये ४ वर. त्याच्यासाठी देशभरातून पोरं यायची. विरोधकांचा मुद्दाही हलका नव्हता. रिसीव्हर शिकवणं वेगळं आणि पूर्ण ऑफेन्स चालवणं वेगळं, पळण्याचा खेळ कोण आखणार? २०२३ मध्ये ओसीचं पद होतं तेव्हा खेळी त्याच्या हातात नव्हत्या, मग त्याला मोजायचं कशावर?

मालकांच्या मुलीनं त्या दिवशी जे मांडलं ते मला सगळ्यात सरस वाटलं. ती फारशी बोलत नाही, गिऱ्हाइकाच्या कानाजवळ कात्री असली तर मुळीच नाही. कात्री खाली ठेवून ती म्हणाली, ज्याच्या भरवशावर पोरं इथं राहतात तो माणूस दुसरीकडं गेला तर किती जण त्याच्यामागं जातील ते आधी मोजा. आता खेळाडूंना दरवर्षी टीम बदलता येते. बाहेरून हुशार माणूस आणाल आणि घरचे तीन रिसीव्हर घालवाल. त्यावर पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. नंतर हार्टलाइनलाच ओसी केलं, टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि चेंडू झेलणाराही खेळाडू) शिकवणाऱ्या कीनन बेलीला सह-ओसीचं पद दिलं आणि लाइनसाठी व्हर्जिनिया टेकचा टायलर बोवेन आणला, ज्याच्याकडं पळण्याच्या खेळाची आखणीही आली. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. हार्टलाइनला जे येत नाही असं म्हणतात ते येणारा माणूस शेजारी दिला, आणि जे त्याच्याशिवाय कुणाला येत नाही ते घरात राहिलं. एप्रिल २०२५ च्या ड्राफ्टमध्ये रिसीव्हर एमेका एगबुकाही १९ क्रमांकावर गेला, ते वेगळंच.

दुकानाचा दुसरा नियम मला पहिल्याहून जास्त भावतो. कोचवर काय वाटेल ते बोला, त्यांना लाखांत पगार आहे. पोरांवर नाही. मिशिगनच्या सामन्यात आपल्या किकरचे दोन फील्ड गोल, म्हणजे लाथेनं खांबांमधून मारायचे फटके, चुकले होते. बाकावरच्या एकानं त्या पोराबद्दल घाण शब्द काढला. मालकांनी त्याला खुर्चीवर घेतलंच नाही. शांतपणे म्हणाले, "तो कॉलेजात जाणारा मुलगा आहे, त्याची आई या शहरात सामने बघायला येते. दुसरं दुकान शोधा." माझा मुलगा शेजारी बसला होता. घरी जाताना गाडीत त्यानं याच्यावर खूप प्रश्न विचारले. मुलाला इथं आणायचं माझ्यासाठी हे मोठं कारण आहे.

उणिवा आहेत. कार्ड चालत नाही, रोख लागते. मोठ्यांची कटिंग २५ डॉलर, दाढी वेगळी, वर टिप. वेळ ठरवून जायची सोय नाही, आलात त्या क्रमानं बसायचं. चर्चा रंगली की मालकांचा हात थांबतो, आणि वीस मिनिटांच्या कटिंगला पाऊण तास लागू शकतो. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत जाऊन यायचं ठरवत असाल तर मुलीच्या खुर्चीसाठी थांबा, तिचं काम वेगात आणि तितकंच स्वच्छ. मागच्या बाजूला गाड्यांना चारच जागा आहेत, हाय स्ट्रीटवर जागा मिळाली तर मीटर बघून लावा. बायकांचे लांब केस इथं कापत नाहीत. आणि ज्यांना कटिंग करताना डोळे मिटून शांत पडून राहायला आवडतं, त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी हे दुकान टाळावं.

बाकीच्यांनी मात्र त्याच दिवसांत जावं. खेळाची ओळख नसली तरी चालेल. बाकावर कुणीतरी सरकून जागा देतं आणि चार प्रयत्न-दहा यार्डपासून सांगायला सुरुवात करतं. मला इथल्या फुटबॉलची लाइन, तिच्यातल्या पाच जागा आणि प्रत्येकाचं काम मास्तरांनीच शिकवलं, तेही माझे केस कापले जात असताना.

२०२५ च्या जुलैत फळ्यावर दर होते. पण खालच्या कोपऱ्यात कुणीतरी बारीक अक्षरांत 'बोवेन' आणि 'बेली' लिहून ठेवलं होतं. ३० ऑगस्टला टेक्साससारख्या टीमशी पहिलाच सामना, क्वार्टरबॅक नवीन असणार होता, ज्युलियन सेयिन की लिंकन कीनहोल्झ यावर वेगळा वाद होता. तरी पुढचा प्रश्न तेव्हाच सुरू झाला होता. हार्टलाइनचा ऑफेन्स चालला तर कुठलीतरी युनिव्हर्सिटी त्याला मुख्य कोच करून नेईल, मग आतला घ्यायचा की बाहेरचा? मी बोवेनच्या बाजूनं होतो. व्हर्जिनिया टेकमध्ये त्यानं ओसीचं काम केलेलं होतं आणि लाइन त्याच्या हातात होती. हॅरिसन, एगबुका गेल्यावरही स्मिथ होता, रिसीव्हर मिळत राहिले असते. लाइन घडवणारा माणूस मिळणं अवघड, हे आपण २०२४ च्या नोव्हेंबरात भोगलंय. मास्तर माझ्या बाजूला होते, पोस्टमनकाका नव्हते. त्यांना बेली हवा होता, कारण तो कोच म्हणून इथंच वाढलेला, पटकन सोडून जाणार नाही, असं ते म्हणत. मालकांनी तेव्हा दोघांनाही मार्कर दिलेला नव्हता. ती बारीक अक्षरं कुणाची, ते त्यांना ठाऊक होतं, पण सांगत नव्हते.

दुकान मंगळवार ते शनिवार, सकाळी नऊ ते पाच. रविवार-सोमवार बंद. घरच्या सामन्याच्या शनिवारी उघडतच नाही, त्यामुळं घरच्या सामन्याआधी केस कापायचे असतील तर त्या आठवड्यात गुरुवारपर्यंत उरका, शुक्रवारी बाक दारापर्यंत भरलेला असतो.